पडसाद शून्य

‘उरलेले’ ही मालिका सुरू झाली त्या आठवड्यात नऊ हजारांहून जास्त लोकांनी एकच तक्रार नोंदवली, की पहिल्या भागात काहीही घडत नाही. अशा तक्रारी वाचून त्यांचं सार काढणं हे अश्लेषा तोडकरचं काम होतं, आणि तिच्या मते ही तक्रार खरी होती.

मालिकेत सूर्यावर एक मोठं वादळ झालेलं होतं. त्याच्या तडाख्यात पृथ्वीवरचे ट्रान्सफॉर्मर जळाले, वीज गेली ती परत आलीच नाही, आणि शहरं ओस पडली. पण हे सगळं पहिल्या भागाच्या आधीच होऊन गेलेलं. पडद्यावर दिसायचं ते तीन वर्षांनंतरचं निंबखेड, दोनशे तेरा माणसं उरलेलं एक लहान गाव. तिथे कुणी सायकलच्या साखळीला तेल घालतंय, दोघी जणी मिठाच्या शेवटच्या पोत्याबद्दल बोलतायत आणि भांडतही नाहीयेत, पोस्टमास्तर रोज सकाळी पोस्ट उघडून बसतोय. कुठे दरोडा नाही, बंदूक नाही.

“एका माणसाला टाकीची शिडी चढायला सव्वाचार मिनिटं लागतात. मी तेवढ्यात भांडी घासून आले,” असं नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं. दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, “जग बुडालंय आणि हे लोक कैरीच्या फोडी मोजतायत.” मधूनच एखादी वेगळी चिठ्ठीही यायची. “आमचे हे गेल्यापासून घरात इतक्या शांतपणे माझ्याजवळ कुणी बसलं नव्हतं. भाग लवकर संपवू नका.” अश्लेषाने अशा एकूण चारशे बारा चिठ्ठ्या बाजूला काढल्या होत्या. त्यांचं काय करायचं हे तिला ठरवता येत नव्हतं.

तसा शब्दांवर तिचा फारसा विश्वास नव्हताच. माणसं जे आवडलं म्हणून सांगतात आणि त्यांना खरोखर जे आवडतं, त्यात फरक असतो, हे ती पंधरा वर्षांच्या अनुभवाने शिकली होती. म्हणून तर तिच्या कंपनीने ‘पडसाद’ बनवला होता.

पडसाद म्हणजे टीव्हीच्या चौकटीत बसवलेला एक बारीक कॅमेरा. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचे चाळीसेक लहान स्नायू कसे हलतात, हे तो दर सेकंदाला टिपायचा. भुवई किंचित वर गेली, ओठाचा कोपरा ताणला गेला, तरी त्याची नोंद व्हायची. पापण्या किती वेळा मिटतात तेही तो मोजायचा. आणि नाडीसुद्धा, तीही हात न लावता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या कातडीखाली रक्त उसळतं आणि कातडीचा रंग अगदी पुसट बदलतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पडसादला दिसायचं. या सगळ्यातून तो शून्य ते शंभर असा एक आकडा काढायचा. सहाशे घरांनी स्वखुशीने तो बसवून घेतला होता आणि त्या घरांच्या आकड्यांच्या आलेखावर, कंपनीच्या भाषेत ‘रेषां’वर, मालिका जगायच्या किंवा मरायच्या.

नाडीची मात्र एक अडचण होती. माणूस जिना चढून आला, त्याला ठसका लागला, तरी ती वाढते. त्याचा कथेशी काही संबंध नसतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी अश्लेषाने एक नियम घातला होता. चेहरा हलला असेल तरच नाडीतला बदल धरायचा, नाहीतर सोडून द्यायचा. त्या नियमाने आकडे एकदम स्वच्छ झाले. कंपनीने तिला त्यासाठी बढती दिली होती.

त्या सहाशे घरांतलं एक घर विट्याला होतं. तिथे तिचे वडील, महादेव तोडकर, एकटेच राहत. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. कुठल्या आळीला किती वाजता पाणी सोडायचं, हे अख्ख्या गावात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून अण्णा गप्प झाले होते. दिवाळीत अश्लेषा गेली तेव्हाही ते हसले असे नाहीतच. शर्टाची बटणं लावायलाही त्यांना वेळ लागत होता. दुःख आहे, वय आहे, असं तिला वाटलं. निदान टीव्हीसमोर तरी बसतील म्हणून तिनेच त्यांचं नाव यादीत घातलं.

आणि ‘उरलेले’ सुरू झाल्यापासून अण्णा दर गुरुवारी सकाळी आपण होऊन फोन करू लागले.

“आशू, पाहिलास का कालचा भाग?”

“पाहिला ना.” तिने तो दुप्पट वेगाने पाहिलेला असायचा.

“तो दौलत, टाकीवरचा. गंजलेला व्हॉल्व्ह सोडवतो बघ. पहिल्यांदा जोर लावतच नाही. तेल सोडतो आणि वाट बघत बसतो. बरोबर आहे ते. नवशिक्या असता तर त्यानं दांडाच मोडला असता.”

“अकरा मिनिटं तेच चाललं होतं, अण्णा.”

“अकरा मिनिटांत सुटला म्हणजे नशीबच त्याचं. आम्ही शिवाजीनगरच्या व्हॉल्व्हपाशी दोन दिवस बसलो होतो.”

“अण्णा, मोठ्यानं बोला जरा. फोन तोंडाजवळ धरा. आवाज फार बारीक येतोय.”

“बारीक? मी तर नेहमीसारखाच बोलतोय,” अण्णा म्हणाले.

सहा भाग झाले तेव्हा चॅनेलने अश्लेषाकडे अहवाल मागितला. मालिका आहे तशी चालू ठेवायची, की वेग वाढवायचा? पुढच्याच दिवशी मालिकेची लेखिका आणि दिग्दर्शिका इरावती खासनीस तिला भेटायला आली. पन्नाशीची, विरलेला सुती कुर्ता घातलेली बाई. कॉफीला नको म्हणाली.

“मला बारा भाग पुरे करू द्या,” ती म्हणाली. “आठव्यापासूनचं चित्रीकरण व्हायचंय, पण लिहून तयार आहे. लोकांना सवय होईल हो. सगळं गेल्यावर माणसं आधी काय करतात? पाणी आणतात, भांडी घासतात. तेवढंच दाखवायचंय मला.”

“तुमचं म्हणणं मला पटतं,” अश्लेषा म्हणाली. “पण मी पटण्यावर अहवाल लिहीत नाही. मी रेषा बघते.”

“रेषा काय म्हणतायत?”

“अजून पूर्ण बघितल्या नाहीत.”

त्या तिने दुसऱ्या दिवशी बघितल्या. तरुणांच्या रेषा खाली होत्या, ते अपेक्षितच होतं. साठीच्या पुढच्या लोकांचं चित्र मात्र गोंधळाचं होतं. चारशे बारा चिठ्ठ्यांतल्या बहुतेक याच लोकांच्या होत्या, पण त्यांच्यातल्या काहींच्या रेषा तर तरुणांहूनही सपाट होत्या. नावं दिसत नसत, फक्त क्रमांक. पण विट्याच्या घराचा क्रमांक तिनेच भरला होता, तो तिला पाठ होता. उघडावा की नाही, असा तिने दहा-पंधरा मिनिटं विचार केला. मग उघडला.

सहा भाग, साडेचार तास, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आडवी रेष. पडसाद शून्य. व्हॉल्व्हच्या प्रसंगातही शून्य. पाचव्या भागाच्या शेवटी निंबखेडच्या नळाला पाणी येतं आणि अख्खं गाव भांडी घेऊन धावतं, तिथेही शून्य.

अश्लेषाला आधी हसू आलं आणि मग एकदम अपमान झाल्यासारखं वाटलं. म्हणजे अण्णा खोटं बोलत होते. लेकीने टीव्ही बसवून दिला, लेकीला बरं वाटावं म्हणून ते दर बुधवारी समोर बसत होते आणि गुरुवारी तिला आवडेल असं काहीतरी सांगत होते. त्या चारशे बारा चिठ्ठ्यांचं कोडंही मग सुटल्यासारखं झालं. एकटी माणसं, कुणाशीतरी चांगलं बोलायचं म्हणून लिहितात. तिने अहवालात लिहिलं, ‘ज्येष्ठ प्रेक्षकांची पसंती केवळ शाब्दिक आहे. प्रत्यक्ष प्रतिसाद नगण्य. आठव्या भागापासून कथानकाचा वेग वाढवावा.’ हा परिच्छेद लिहिताना तिच्यासमोर एकच रेष होती.

त्याच संध्याकाळी अण्णांना फोन करून ती म्हणाली, “अण्णा, माझ्यासाठी म्हणून नका बघत जाऊ ती मालिका.”

“तुझ्यासाठी? नाही गं. मला आवडते.”

“मी तुमची रेष पाहिली. तुम्हाला काहीच वाटत नाही ती बघताना. शून्य आहे. कंटाळा आला तर आला म्हणायचं, मला वाईट नाही वाटणार.”



“मशीन तसं म्हणतं?” अण्णांनी विचारलं.

“हो. ते खोटं कशाला सांगेल?”

“मग तसंच असेल,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आठव्या भागात निंबखेडवर टोळी चालून आली. दौलत टाकीवरून पडून मेला, पोस्ट जळालं. इरावतीने आपलं नाव काढून घेतलं. रेषा उसळल्या, अश्लेषाचं अभिनंदन झालं, आणि दोन महिन्यांनी लोक टोळ्यांनाही कंटाळले तेव्हा मालिका बंद पडली. अण्णांचे फोन थांबले होते. अश्लेषा करायची तेव्हा ते “बरं आहे, जेवलो” एवढंच बोलायचे. टीव्ही बघता का, असं तिने एकदा विचारलं. “नाही लावत हल्ली,” ते म्हणाले. ती कामात होती. तिने पुढे काही विचारलं नाही.

सात महिने असे गेले.

मग एका दुपारी फैजल मुजावर तिच्या टेबलाशी आला. पडसादच्या कॅमेऱ्यांची देखभाल तो बघायचा. अबोल माणूस, कामाशिवाय कुणाकडे जायचा नाही.

“मॅडम, अकरा घरांतले कॅमेरे बिघडलेत असं समजून मी तपासत होतो,” तो म्हणाला. “कायम शून्य. कुठलीही मालिका असो, क्रिकेटची फायनल असो, शून्य. पण कॅमेरे ठीक आहेत.”

“मग माणसं कंटाळलेली असतील.”

“कंटाळलेला माणूस पापण्या जास्त मिटतो. साधा माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटतो. या अकरा जणांत कुणी पाच वेळा, कुणी चार. माझ्या मावशीचं असंच झालं होतं. आम्हाला वाटायचं ती रागावलीय. तिला पार्किन्सन्स होता.”

मेंदूच्या मुळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि त्या रसायनावाचून मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरतात ते सगळ्यांना माहीत असतं, पण कित्येकदा थरथर येतच नाही किंवा फार उशिरा येते. त्याआधी आवाज बारीक होतो, हालचाली मंदावतात, आणि चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. माणूस आतून हसतो, पण ओठ हलत नाहीत. हे फैजलने तिला त्याच्या पद्धतीने, अडखळत सांगितलं. तोवर अश्लेषाचं लक्ष त्याच्या हातातल्या यादीवर गेलं होतं. तिसरा क्रमांक विट्याचा होता.

“नाडी दाखव,” ती म्हणाली.

“नाडी आपण धरत नाही, मॅडम. चेहरा हलला नसेल तर... तुमचाच नियम.”

“फेकून दिलेली तर नाही ना? दाखव.”

फैजलने ती काढली. दौलत व्हॉल्व्हवर तेल सोडून वाट बघत बसला होता त्या अकरा मिनिटांत अण्णांची नाडी संथ होत होत छप्पन्नावर आली होती. पाचव्या भागाच्या शेवटी नळाला पाणी आलं तेव्हा ती एकदम चौऱ्याण्णववर गेली आणि भाग संपल्यावरही किती तरी वेळ खाली आली नाही. सातवा भाग त्यांनी पाहिलाच नव्हता. तो लागण्याच्या आदल्या आठवड्यात तिने त्यांना त्यांची रेष सांगितली होती.

मिरजेच्या डॉक्टरीण बाईंनी अण्णांना चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, एक ओळ लिहायला लावली. अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालं होतं.

“दोनेक वर्षं तरी झाली असावीत,” त्या अश्लेषाला म्हणाल्या. “घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?”

“मला वाटलं, आई गेली म्हणून.”

“तसंच वाटतं सगळ्यांना.”

“आधी कळलं असतं तर थांबला असता का?”

“थांबला नसता. पण आवाजाचे, चालण्याचे व्यायाम आधी सुरू झाले असते. गोळ्यांनी दोन वर्षं सोपी गेली असती. ती आता कुठून आणणार?”

परतताना गाडीत अश्लेषाने अण्णांना नाडीचं सगळं सांगितलं. मशीन चुकलं होतं, नियम आपलाच होता, आणि त्यांना सगळं वाटत होतं, हेही. अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

“तू सांगितलंस ना,” ते सावकाश म्हणाले, “तेव्हापासून मला वाटायला लागलं की खरंच आपल्याला काही वाटत नाही. तुझ्या आईच्या श्राद्धाला मी बसलो होतो. म्हटलं, हे दुःख आहे का नुसती सवय? मशीननं मोजलं असतं तर शून्यच आलं असतं. म्हणून मग टीव्ही लावला नाही. उगीच कशाला.”

अश्लेषाने गाडी कडेला घेतली. बराच वेळ तिला पुढे नेता आली नाही.

तिने कंपनीत लेखी कळवलं, नियम रद्द करवून घेतला, उरलेल्या दहा घरांना फैजलने स्वतः फोन केले. त्यातल्या सात जणांचं निदान झालं. एक आजोबा तोवर वारले होते. पुढे या कॅमेऱ्यातून आजार ओळखण्याचं काम सुरू झालं आणि त्याचं कौतुकही झालं. अश्लेषा त्या समारंभाला गेली नाही.

ती इरावती खासनीसकडे गेली. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. इरावतीने दार उघडलं, ओळखलं, आणि आत या म्हणाली नाही. दारातच उभं राहून अश्लेषाने सगळं सांगितलं. माफी मागितली.

“पाच भाग लिहून तयार होते म्हणालात,” शेवटी ती म्हणाली. “ते मला मिळतील का? वडिलांना वाचून दाखवायचेत.”

इरावती आत गेली. अश्लेषाला वाटलं, आता दार लागेल. पण ती कागदांचा एक गठ्ठा घेऊन आली.

“हे मी त्यांना देतेय,” ती म्हणाली. “तुम्हाला नाही.”

त्यानंतर दर शुक्रवारी अश्लेषा विट्याला जाऊ लागली. दुपारी अण्णांची गोळी झाली, की अर्ध्या तासाने त्यांना जरा मोकळं वाटायचं. तेव्हा ती ओसरीवर खुर्ची टाकून वाचायची. वेगात वाचायची तिची सवय होती. पहिल्या दिवशी अण्णांनी दोनदा हात वर करून तिला थांबवलं. नंतर ती आपोआप सावकाश वाचू लागली. ऐकताना अण्णांचा चेहरा दगडासारखा असायचा. आधी ती वर बघून काही दिसतंय का शोधायची. मग तिने ते सोडलं, आणि भाग संपला की सरळ विचारू लागली. दहावा भाग त्यांना मुळीच आवडला नाही. “यात माणसं उगाच रडतात,” ते म्हणाले.

बारावा भाग संपायला दोन शुक्रवार लागले. त्यात पोस्टमास्तर आजारी पडतो, पोस्ट एक दिवस बंद राहतं, आणि लोक येऊन बंद दारासमोरच्या पायरीवर थोडा वेळ बसून जातात. अश्लेषाने शेवटचा कागद खाली ठेवला.

“पुढे?” अण्णांनी विचारलं.

“पुढे नाही, अण्णा. त्यांनी एवढंच लिहिलं होतं.”

“का बरं? टीव्हीवरही बंदच पडली ना. लोकांना नाही आवडली?”

हो म्हणता आलं असतं. नऊ हजार तक्रारी होत्या, ते खोटंही ठरलं नसतं. अण्णांनी पुन्हा विचारलं नसतं.

“काहींना नाही आवडली,” ती म्हणाली. “पण चॅनेलला काय ते ठरवता येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं. वेग वाढवा असं मी लिहून दिलं. तुमची रेष बघून लिहिलं. दौलतला त्यांनी त्यानंतर मारला.”

अण्णांचे हात मांडीवर होते, नजर समोर. चेहऱ्यावर काहीही नव्हतं, पाच शुक्रवार नव्हतं तसंच. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. अश्लेषाने वाट पाहिली. त्यांना ऐकू आलं की नाही, अशीही शंका तिला आली.

“अण्णा, राग आला का?”

उत्तर यायला वेळ लागला. ओठ आधी नुसतेच हलले.

“आला,” ते म्हणाले. “खूप आला.”

तिने मान खाली घातली. माफ करा, असं तिच्या तोंडाशी आलं होतं. ते तिने गिळलं.

“सांगा मला,” ती म्हणाली.

अण्णा सांगू लागले. शब्द अडकत होते, मधेच थांबत होते. एकेका वाक्याला फार वेळ लागत होता. ती खुर्ची पुढे ओढून ऐकत बसली.